ग्रानादोस यांची 'आंदालुसा' व्हायोलिन-पियानोवर बसवताना

व्हायोलिन शिकायला लागून काही वर्षं झाली, तिसऱ्या पोझिशनमध्ये, म्हणजे तारांवर थोडा वर सरकून, हात स्थिरावला, की परीक्षेच्या पुस्तकाबाहेरचं काहीतरी वाजवावंसं वाटू लागतं. अशा वेळी मी आधी स्पॅनिश संगीतकार एन्रिके ग्रानादोस यांचं 'स्पॅनिश नृत्य क्रमांक ५', म्हणजे 'आंदालुसा', सुचवते. मूळ रचना एकट्या पियानोची. फ्रिट्झ क्रायस्लर यांनी तिचं व्हायोलिन आणि पियानोसाठी रूपांतर केलं आणि तेच रूप आपण इथे बसवणार आहोत. रचना चार-साडेचार मिनिटांची आहे. धून एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. म्हणूनच ती सोपी समजली जाते आणि घाईघाईत वाजवली जाते.

बहुतेकजण व्हायोलिनचा कागद स्टँडवर ठेवतात आणि पहिल्या ओळीपासून सूर शोधायला लागतात. या रचनेपुरतं तरी तसं करू नका. सुरुवात पियानोपासून करा. पियानो येत नसला तरी चालेल, पण पियानोचा भाग डोळ्यांनी वाचल्याशिवाय आणि कानांनी ओळखल्याशिवाय व्हायोलिन खांद्यावर घेऊ नका. कारण पुढे येईलच.

रचना कुठून आली

ग्रानादोस यांचा जन्म २७ जुलै १८६७ चा, कातालोनियातल्या ल्येइदा गावचा. आंदालुसिया हा स्पेनचा दक्षिण भाग, कातालोनिया ईशान्येचा कोपरा. म्हणजे दक्षिणेचा रंग असलेलं हे संगीत लिहिणारा माणूस दक्षिणेचा नव्हता. बार्सेलोनात फेलिप पेद्रेल यांच्याकडे शिकून ते पॅरिसला गेले आणि तिथे शार्ल-विल्फ्रीद द बेरियो यांच्याकडे पियानो शिकले. हे द बेरियो पियानोवादक असले तरी त्यांचे वडील त्या काळचे गाजलेले व्हायोलिनवादक. याच सुमारास, १८९० च्या आगेमागे, बारा स्पॅनिश नृत्यांचा संच तयार झाला. त्यातलं पाचवं हे.

व्हायोलिन ग्रानादोस यांना परकं नव्हतं. व्हायोलिनवादक झाक तिबो हे त्यांचे जवळचे मित्र. आपली व्हायोलिन सोनाटा त्यांनी तिबोंनाच अर्पण केली. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांच्याबरोबरही ते वाजवत. १९०१ मध्ये त्यांनी बार्सेलोनात स्वतःची संगीतशाळा काढली. 'गोयेस्कास' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगासाठी ते न्यूयॉर्कला गेले होते. तो प्रयोग २८ जानेवारी १९१६ ला झाला. परतताना २४ मार्चला इंग्लिश खाडीत 'ससेक्स' जहाजावर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडला आणि त्यात ते व त्यांची पत्नी आंपारो दोघंही गेली. वय अठ्ठेचाळीस.

क्रायस्लर व्हिएन्नाचे, जन्म १८७५ चा. व्हायोलिनवादक म्हणून तर ते मोठे होतेच, पियानोही उत्तम वाजवत. आपण लिहिलेले बरेच तुकडे त्यांनी वर्षानुवर्षं जुन्या संगीतकारांच्या नावावर वाजवले आणि १९३५ मध्ये ते उघड केलं, हा किस्सा व्हायोलिनच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. 'आंदालुसा'च्या बाबतीत मात्र तसा काही गोंधळ नाही. मुखपृष्ठावर 'ग्रानादोस-क्रायस्लर' अशी दोन्ही नावं असतात.

प्रत कशी मिळवायची

भारतात कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, तोही पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. ग्रानादोस यांचं संगीत कधीच मोकळं झालं. क्रायस्लर २९ जानेवारी १९६२ ला गेले, त्यामुळे त्यांच्या रूपांतरावरचा हक्क आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस संपला. युरोपात मुदत सत्तर वर्षांची आहे, म्हणजे तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांना २०३२ संपेपर्यंत थांबायचं किंवा विकतची प्रत घ्यायची. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोकळ्या झालेल्या जुन्या छापील प्रती मिळतात. मुंबई-गोव्यात फुर्तादोसारख्या जुन्या दुकानात मागवूनही घेता येते.

उतरवून घेताना तीन गोष्टी घ्या: व्हायोलिनचा सुटा भाग, व्हायोलिनची ओळ वर छापलेली पियानोची पूर्ण प्रत आणि ग्रानादोस यांची मूळ पियानो रचना. तिसरी गोष्ट कुणी घेत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. एक खबरदारी घ्या. याच नृत्याची इतरांनी केलेली रूपांतरंही फिरत असतात. तुमच्या हातातली व्हायोलिनची पानं आणि पियानोची पानं एकाच रूपांतराची आहेत ना, हे पहिल्या आणि शेवटच्या मापावरून (बारवरून) ताडून पाहा.

पहिला आठवडा: व्हायोलिन पेटीतच

आधी मूळ पियानो ऐका. आलिसिया द लारोचा यांनी बाराही नृत्यं ध्वनिमुद्रित केली आहेत. त्या ग्रानादोस यांच्या शाळेतल्या फ्रँक मार्शल यांच्या शिष्या, म्हणजे परंपरा थेट. स्वतः ग्रानादोस यांनीही ही रचना पियानो-रोलवर, म्हणजे वादन भोकांनी नोंदवणाऱ्या कागदाच्या गुंडाळीवर, वाजवून ठेवली आहे. रोलची लय जशीच्या तशी प्रमाण मानता येत नाही, कारण तो फिरवणाऱ्या यंत्रावर बरंच अवलंबून असतं. पण धून गाताना ते किती मोकळे होतात आणि डावा हात किती ठाम राहतो, हे ऐकू येतं.

आता मूळ प्रत समोर ठेवून ऐका. दोन वेगळी माणसं दिसतील. डाव्या हाताकडे तुटक, टोचल्यासारखे खालचे सूर, तो गिटारवाला. उजव्या हाताकडे लांब, नक्षीदार, थोडी उसासे टाकणारी ओळ; तो गाणारा. ई मायनर ही पट्टीही गिटारला घरच्यासारखी आहे. गिटारच्या सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात आणि ई मायनरच्या कॉर्डमधले तिन्ही सूर, ई, जी आणि बी, मोकळ्या तारांवरच सापडतात. पुढे मिगेल ल्योबेत यांनी हे नृत्य गिटारवर आणलं आणि ते इतकं रुळलं की मूळ रचना गिटारचीच असावी असं अनेकांना वाटतं.

क्रायस्लर यांनी ही दोन माणसं वेगळी केली. गाणारा व्हायोलिनकडे गेला, गिटारवाला पियानोकडे राहिला. सुरुवात पियानोपासून करा असं मी म्हणते, ते यासाठी. व्हायोलिनच्या कागदावर फक्त गाणं दिसतं. ते कशावर टेकून उभं आहे हे दिसत नाही. मग वादक स्वतःच लय सांभाळायला जातो, प्रत्येक मात्रेवर बो (गज) दाबतो आणि गाणं कवायत होऊन बसतं.

एक काम आवर्जून करा. पियानोच्या पूर्ण प्रतीवर दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. गिटारसारख्या जागा एका रंगात, गाण्यासारख्या दुसऱ्यात. काही ठिकाणी पियानोही गातो. तिथे दुसरा रंग पियानोच्या ओळीत येईल. तिथे व्हायोलिनने मागे सरकायचं असतं. ही खूण तुमच्या सुट्या भागावरही उतरवून घ्या.

लय

ग्रानादोस यांनी मूळ प्रतीत 'आंदान्तीनो, क्वासी आलेग्रेत्तो' असं लिहिलं आहे: सावकाश, पण चालतं. मापं ६/८ ची. मराठी कानाला हे जड नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा, 'धा धिं ना । धा तिं ना', हातावर धरा आणि पियानोचा डावा हात तोंडाने म्हणा. दुसऱ्या तीन मात्रा पहिल्या तीनपेक्षा हलक्या, हे दादरा आपोआप शिकवतो आणि इथे तेच हवं आहे. साम्य एवढंच. दादऱ्यात तबलजी भरतो, सजवतो. इथे साथ जवळपास कोरडी असते आणि ती कोरडी राहिली तरच नाच जाणवतो.

मेट्रोनोम आधी आठव्या भागाच्या सुराला, म्हणजे सहातल्या प्रत्येक मात्रेला, ९० वर लावा. हळूहळू १३० ते १५० पर्यंत या. १२० च्या पुढे गेलात की प्रत्येक मात्रा मोजणं सोडा आणि मापाला दोनच ठोके धरा. लोक इथे अडखळतात: सहा मोजून वाजवायची सवय लागते आणि दोनाचा झोका येतच नाही.

स्पॅनिश नृत्यसंगीतात सहा मात्रा कधी ३+३, कधी २+२+२ अशा पडतात. टाळ्या वाजवून दोन्ही करून पाहा. एका मापात ३+३, पुढच्यात २+२+२. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण ग्रानादोसनंतर फाया, आल्बेनिस अशा स्पॅनिश संगीतकारांचं काहीही वाजवायला घ्याल तेव्हा उपयोगी पडेल.

लहान नक्षीचे सूर, म्हणजे मुख्य सुराला लागून येणारे ग्रेस नोट्स, शेवटी घाला. आधी नक्षीशिवाय पूर्ण धून लयीत आली पाहिजे. नक्षी घातल्यावर मुख्य सूर उशिरा पडत असेल तर ती अजून कच्ची आहे.

सूर आणि बोटं

ई मायनरमध्ये एकच शार्प (अर्धस्वर वर चढवलेला सूर), एफ. पहिल्या पोझिशनमध्ये जागा अशा येतात: डी तारेवर एफ शार्प हे वरचं दुसरं बोट, जी त्याला चिकटून तिसरं. ए तारेवर बी पहिलं बोट आणि सी त्याला चिकटलेलं खालचं दुसरं. जी तारेवर बी वरचं दुसरं आणि सी लगेच तिसरं. बी आणि सी यांच्यातल्या या अर्धस्वराकडे विशेष लक्ष द्या. ई ला षड्ज मानलं तर बी पंचम आणि सी कोमल धैवत. आंदालुसियाचा सगळा हुंदका याच अरुंद जागेत आहे. सी थोडा जरी वर चढला तरी रंग उडतो.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांसाठी थोडं अधिक. आंदालुसियाच्या गाण्यांत कॉर्डची एक उतरण सारखी भेटते: ए मायनर, जी, एफ, ई. शेवटच्या ई ला षड्ज धरून खालचे सूर गा: म, कोमल ग, कोमल रे, सा. भैरवीची ओळख असलेल्या कानाला हे परकं वाटत नाही. पण भैरवी समजून वाजवू नका. आपल्या आंदोलनाने इथे सूर हलवले तर पियानोच्या स्थिर सुरांशी ते भांडतील.

बसून, व्हायोलिनचं डोकं पायाशी टेकवून वाजवणाऱ्यांनी या रचनेसाठी उभं राहून किंवा खुर्चीवर बसून, वाद्य खांद्यावर आणि हनुवटीखाली घेऊन वाजवायची सवय करावी. तारा जी, डी, ए, ई अशाच लावाव्या. सा-प-सा-प लावून कागदावरची बोटं जुळणार नाहीत. मोठी सुरुवात करू नका. आधी ई मायनरचं दोन सप्तकांचं आरोह-अवरोह, मग धून.

पहिली धून एकदा संपूर्ण जी तारेवर वाजवून पाहा. प्रतीतली बोटं काहीही सांगोत, रियाजासाठी हे करा. तिसऱ्या पोझिशनमध्ये पहिलं बोट सी वर, तिसरं ई वर येतं. पाचव्या पोझिशनमध्ये पहिलं बोटच ई वर. जाड तारेचा भरलेला, किंचित खरखरीत आवाज ऐकलात की या धूनला कुठला गळा हवा आहे ते कळतं. नंतर वरच्या तारांवर गेलात तरी तो गळा लक्षात राहतो.

एका पोझिशनमधून दुसरीत जाताना सूर सरकतो. क्रायस्लर यांच्या वादनात ही सरकती जागा ऐकू येते, पण ती मींड नाही. मींडेत मधले सूर सांगायचे असतात. इथे बोट हलकं करून पटकन जायचं असतं आणि फक्त पोचण्याआधीचा एक श्वास ऐकू येतो. माझ्या मते पूर्ण रचनेत अशा चार-पाच जागा पुरेत. प्रत्येक उडीला सरकलात तर रडगाणं होतं. व्हायब्रॅटो, म्हणजे बोटाने सुराला दिलेली बारीक थरथर, मात्र क्रायस्लर जवळपास अखंड ठेवत. नवशिक्याने लांब सुरांपासून सुरू करावं आणि तो रुंद न करता चालू ठेवावा.

बो बद्दल एकच सांगते. धूनच्या पहिल्या सुराला पूर्ण बो उधळू नका. ओळ कुठे संपते ते आधी पाहा आणि पेन्सिलीने बो चे भाग पाडा. जोरात वाजवायच्या जागी बो पुलाकडे (ब्रिजकडे) न्या, हळू जागी बोटं ठेवायच्या पट्टीकडे. दाब वाढवून जोर आणू नका.

मधला भाग

मध्ये ई मायनरचं ई मेजर होतं. रचनेचं मन इथे आहे असं मला वाटतं. नाच थांबतो, चाल संथ होते, सूर एकत्र जुळून प्रार्थनेसारखे चालतात. आता चार शार्प: एफ, सी, जी, डी. ए तारेवरचं सी साठी खाली घेतलेलं दुसरं बोट आता वर जातं, डी तारेवरचं तिसरं जी शार्पसाठी वर चढतं, ई तारेवरचं दुसरंही तसंच. हात अजून मायनरमध्ये असतो आणि कागद मेजरमध्ये गेलेला असतो. म्हणून या भागाचा पहिलाच सूर बहुतेकांचा खाली लागतो. त्यावर उपाय एकच. मायनर भागाचं शेवटचं माप आणि मेजरचं पहिलं माप, एवढीच जोडणी वेगळी काढून रोज वाजवायची.

तुमच्या प्रतीत जिथे जोडस्वर असतील तिथे आधी खालचा सूर एकटा वाजवा, मग वरचा एकटा, पण बोटं दोन्ही ठेवूनच. दोन्ही एकत्र वाजवताना वजन वरच्या सुराकडे. इथे लय थोडी सैल सोडा, आवाज लहान ठेवा आणि पियानोला ऐका; मूळ रचनेत हे सगळं एकाच माणसाच्या दोन हातांत होतं, तेवढी जवळीक दोन वादकांत यायला हवी.

मग पहिला भाग परत येतो. तो जसाच्या तसा परत वाजवू नका. मधला भाग वाजवून झाल्यावर तीच धून थोडी थकलेली, आतल्या आवाजात आली तर शोभते.

दोघांनी बसताना

साथीदार शोधा, तयार साथीच्या रेकॉर्डिंगवर ही रचना बसत नाही. गाणारा क्षणभर थांबला की गिटारवाल्याने त्याच्यासाठी थांबायचं असतं, आणि रेकॉर्डिंग थांबत नाही. मुंबई, पुणे, पणजी इथे परीक्षांसाठी पियानोसाथ करणारे शिक्षक मिळतात. त्यांना प्रत किमान दोन आठवडे आधी द्या. पियानोचा भाग दिसतो त्याहून अवघड आहे, कारण कोरडेपणा सांभाळणं अवघड.

वाद्य लावताना ए पियानोवरून घ्या, आणि बाकीच्या तारा शुद्ध पंचमात लावल्यावर जी परत पियानोशी ताडून पाहा. शुद्ध पंचम पियानोच्या पंचमापेक्षा किंचित मोठा असतो. ए वरून डी आणि डी वरून जी असे दोन पंचम उतरलं की तुमचा जी पियानोच्या जी पेक्षा जरा खाली येतो. एरवी कुणाला कळत नाही, पण खालच्या तारेवर लांब धून गाताना कानाला टोचतं. जी केसभर वर घ्या. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात पियानोचं ट्यूनिंगही हलतं आणि व्हायोलिनच्या खुंट्याही फुगतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कार्यक्रम असेल तर त्याच दिवशी सकाळी पियानो तपासून घ्या.

पहिल्या बैठकीत पियानोवादकाने डाव्या हाताचा भाग एकट्याने वाजवावा आणि व्हायोलिनवादकाने धून गावी. गळा कसाही असो. दुसऱ्या वेळी उलट: पियानोवादकाने व्हायोलिनची ओळ पियानोवर वाजवावी आणि तुम्ही साथीची लय टाळीने धरावी. मगच आपापली वाद्यं. कुठे कोण थांबणार, कोणाच्या श्वासावर पुढचं माप सुरू होणार, हे दोघांच्याही प्रतीवर लिहा. माझा नियम साधा आहे: गाण्याच्या मध्ये व्हायोलिनने थांबावं, नाचाच्या सुरुवातीला पियानोने हात टाकावा.

पियानोवादकाला दोन विनंत्या करा. उजवं पेडल डाव्या हाताच्या तुटक सुरांखाली दाबून ठेवू नये. गिटारची तार वाजली की विरते, रेंगाळत नाही. आणि ग्रँड पियानो असेल तर झाकण छोट्या काठीवर ठेवावं, कारण जी तारेवरची धून पूर्ण उघड्या पियानोखाली बुडते. हॉलमध्ये तालीम करताना एकाला शेवटच्या रांगेत बसवून हाच प्रश्न विचारा: व्हायोलिनचे खालचे सूर पोचतात का? आवाजाचा समतोल स्टेजवरून कळत नाही.

उभं राहताना पियानोच्या वळणात, पियानोवादकाची नजर तुमच्या बो वर पडेल असं उभं राहा. स्टँड तुमच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये भिंतीसारखा येऊ देऊ नका. शक्य असेल तर धून पाठच करा, ती पाठ होतेच.

'आंदालुसा' बसली की त्याच वाटेने पुढे जायला सामान आहे. क्रायस्लर यांनीच आल्बेनिसच्या 'टँगो'चं आणि मानुएल द फाया यांच्या 'ला विदा ब्रेवे' या ऑपेरातल्या नृत्याचंही रूपांतर केलं आहे. 'टँगो' आधी घ्या; फायाचं नृत्य बरंच अवघड आहे, उडत्या बो ची तयारी झाल्याशिवाय हात घालू नये. फाया यांच्या सात स्पॅनिश लोकगीतांवरून पावेल कोहान्स्की यांनी केलेला व्हायोलिन-पियानोचा संचही आहे. त्यातलं 'आस्तुरियाना' हे छोटं संथ गाणं 'आंदालुसा'चा मधला भाग जमलेल्या कोणालाही वाजवता येईल. तिथेही आधी पियानोची ओळ वाचा.